पक्षी फुगून बसला तर

पाळीव पक्षी आजारी आहे हे घरच्यांच्या लक्षात येते, तेव्हा तो बहुतेक वेळा कालपरवा आजारी पडलेला नसतो. आठवडाभर, कधी त्याहून जास्त दिवस तो दुखणे अंगावर काढत असतो. रानात थव्यातला मलूल पक्षी शिकऱ्याच्या नजरेत आधी भरतो. त्यामुळे आजार लपवण्याची सवय पक्ष्यांच्या रक्तातच आहे, आणि पिंजऱ्यात कित्येक पिढ्या वाढलेली बजीही (दुकानात जिला ‘लव्हबर्ड’ म्हणतात) ती विसरलेली नाही. माणूस समोर आला की ती अंग सावरते, दाण्याच्या वाटीशी जाऊन चोच हलवते. पाहणाऱ्याला वाटते, खातेय. वाटीत पाहिले तर दाणे तसेच असतात, किंवा वर नुसता टरफलांचा थर साचलेला असतो आणि तोच आपण दाणे समजत असतो.

नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) अशा वेळी माणसाची पंचाईत होते. हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, 14 तालुक्यांचा आणि दुधासाठी नावाजलेला. गाय आजारी पडली तर कोणाला फोन करायचा हे वस्तीवरच्या पोरासोरांनाही माहीत असते. पण 35 ग्रॅमची बजी किंवा 90 ग्रॅमचा कॉकटील घेऊन कुठे जायचे, हे विचारले तर पाळणाऱ्यांपैकी निम्मे लोक पक्षी विकणाऱ्या दुकानाकडे बोट दाखवतात. दुकानदार एक पुडी देतो, ‘पाण्यात टाका’ म्हणतो. दोन दिवसांत पक्षी मरतो आणि घरातले म्हणतात, नाजूकच जात ती. पक्षी नाजूक असतात हे खरे, पण इतके नाही. उपचार उशिरा सुरू होतात आणि चुकीच्या दारातून सुरू होतात, म्हणून बरेचसे पक्षी जातात. योग्य दार कोणते आणि तिथपर्यंत कसे पोचायचे, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी पाहायचे काय

निरोगी पक्षीही झोपताना पिसे फुलवतो, त्यामुळे नुसते फुगणे म्हणजे आजार नव्हे. भर दुपारी, घरात वर्दळ असताना, दोन्ही पायांवर फुगून बसलेला आणि डोळे अर्धे मिटलेला पक्षी आजारी समजावा. निरोगी पक्षी सहसा एक पाय पोटाशी घेऊन झोपतो. दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला पक्षी जास्त आजारी असतो. श्वासासोबत शेपटी पंपाच्या दांड्यासारखी खालीवर होत असेल, चोच उघडी असेल, श्वासाला टिकटिक किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर वाट पाहायला वेळ उरलेला नाही. तोच दिवस, तोच तास. रक्त येणे, फिट येणे, मान वाकडी होणे आणि मादी तळाशी बसून कुंथत असणे यांनाही तोच नियम लागू. मादीच्या पोटात अंडे अडकले की काही तासांत जीव जाऊ शकतो. एकटी मादी, नराशिवायही, अंडे घालते हे अनेकांना ठाऊक नसते आणि त्यामुळे ही शक्यता कोणाच्या मनातच येत नाही.

यानंतर विष्ठा पाहा. पक्ष्याच्या विष्ठेत तीन गोष्टी एकत्र असतात. हिरवट किंवा तपकिरी घट्ट भाग आतड्यातून येतो, पांढरा खडूसारखा भाग मूत्रपिंडातून येतो, आणि भोवती पाण्याचे वळे असते, तीच लघवी. पिंजऱ्याच्या तळाशी वर्तमानपत्राऐवजी कोरा पांढरा कागद अंथरला तर तिन्ही भाग वेगळे दिसतात. पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी झाला तर यकृताचा संशय घ्यावा. विष्ठा अगदी थोडी आणि काळपट हिरवी असेल तर पक्षी जवळजवळ काही खात नाही. डांबरासारखी काळी असेल तर आत रक्तस्राव असू शकतो. न पचलेले दाणे जसेच्या तसे पडत असतील तर बिघाड पोटात आहे. बजींमध्ये जठरात वाढणारी एक बुरशी असते. ती बळावली की पक्षी दिवसभर दाणे टिपतो, तरी रोडावत जातो. घरचे म्हणतात, ‘खातोय की चांगला.’ पाणी जास्त दिसले म्हणजे हगवण लागली असेही नाही. काकडी किंवा कोथिंबीर खाल्ल्यावर लघवी वाढते आणि दोन तासांत पुन्हा पहिल्यासारखी होते.

तिसरी गोष्ट वजन, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो, सोनाराकडे असतो तसला असेल तर उत्तमच. काट्यावर छोटा डबा ठेवून शून्य करायचे, पक्षी डब्यात ठेवायचा, आकडा लिहायचा. आठवड्यातून एकदा, सकाळी, दाणे देण्याआधी. 35 ग्रॅमच्या बजीचे वजन 31 झाले तर बाहेरून काहीच कळत नाही, कारण पिसे सगळे झाकून टाकतात. पण ती अकरा टक्क्यांहून जास्त घट आहे, 70 किलोच्या माणसाचे आठ किलो उतरावेत तशी. काटा नसेल तर छातीच्या मधल्या हाडावरून हलकेच बोट फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेले असेल तर ठीक. हाड सुरीच्या पात्यासारखे हाताला लागले तर आजार जुना आहे.

दवाखान्यात पोचेपर्यंत

आजारी पक्ष्याला सर्वांत आधी ऊब लागते. पक्ष्याच्या शरीराचे तापमान 40 ते 42 अंश सेल्सिअस असते आणि एवढ्याशा देहात ते टिकवायला त्याला सतत खावे लागते. खाणे थांबले की आतला विस्तव मंदावतो. म्हणून पक्ष्याला छोट्या खोक्यात किंवा छोट्या पिंजऱ्यात ठेवा, तीन बाजू कापडाने झाका आणि आतले तापमान 30 अंशांच्या आसपास राखा. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवली की काम होते. दुसरी बाजू थंड राहू द्या, म्हणजे पक्ष्याला सोसेल तिकडे सरकता येईल. पूर्वी लोक साठ वॅटचा पिवळा बल्ब लावत. आता घरोघरी एलईडी दिवे आले आहेत, त्यांचा उजेड पडतो पण ऊब मिळत नाही. बल्ब लावून पक्षी रात्रभर गारठलेलाच राहिला, असे यामुळे होते.

एप्रिल-मे महिन्यांत मात्र हेच उलटे करावे लागते. नगरकडचा पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या घरात दुपारी त्याहून वाईट अवस्था असते. पंख अंगापासून लांब धरून, चोच उघडून धापा टाकणारा पक्षी उन्हाने हैराण झालेला असतो. त्याला ऊब दिली तर तो मरेल. सावलीत हलवा, पाय आणि पंखांखालची जागा साध्या पाण्याने ओली करा, बर्फाचे पाणी वापरू नका. तो दहा-पंधरा मिनिटांत सावरला नाही तर दवाखाना.

पाणी किंवा औषध ड्रॉपरने घशात ओतू नका. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते, ओतलेले पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकते. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावावा आणि त्याने स्वतः गिळला तरच पुढचा द्यावा. अंगाला तेल, तूप, बाम, व्हॅसलीन काहीही लावू नका. पिसे चिकटली की ऊब धरून ठेवण्याची शक्ती जाते. नख तुटून रक्त येत असेल तर नखाच्या टोकावर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर दाबून दोन मिनिटे धरा. 35 ग्रॅमच्या पक्ष्याच्या अंगात जेमतेम साडेतीन मिलिलिटर रक्त असते. त्यातले सात-आठ थेंब गेले तरी त्याला जड जाते, म्हणून ‘थोडेसेच रक्त आले’ असे म्हणून सोडून देऊ नये.

पक्षी हातात धरताना छाती आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नाही. छातीचे हाड पुढे-मागे हलले तरच हवा आत-बाहेर होते. घाबरून घट्ट धरलेला पक्षी हातातच गुदमरून गेल्याची उदाहरणे पशुवैद्यांना नवीन नाहीत. मान दोन बोटांत हलकी धरा आणि अंगाभोवती पातळ टॉवेल सैल गुंडाळा.

कोणाच्या दारात जायचे

आपल्याकडे पशुवैद्यकीय सेवेची सरकारी वीण बरीच दाट आहे. गावपातळीवर पशुवैद्यकीय दवाखाने आहेत आणि नगर शहरात जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय. दवाखान्यांच्या पाट्यांवर आजवर श्रेणी 1, श्रेणी 2 असे लिहिलेले दिसत आले आहे. आपल्या दृष्टीने या फरकाला महत्त्व आहे. श्रेणी 1 च्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी, म्हणजे पशुवैद्यकाची पदवी घेतलेले डॉक्टर असणे अपेक्षित असते. श्रेणी 2 चा दवाखाना पदविकाधारक पर्यवेक्षक सांभाळत आले आहेत. ते गाईम्हशींच्या कामात तरबेज असतात, पण पक्ष्याचे निदान हा त्यांच्या प्रशिक्षणाचा भाग नसतो. त्यामुळे पक्षी घेऊन पदवीधर डॉक्टरांकडेच जावे. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार पशुवैद्यकीय व्यवसाय करणाऱ्याची नोंदणी लागते. खासगी डॉक्टरांना ‘तुमची राज्य परिषदेत नोंदणी आहे का’ असे विचारण्यात काही वावगे नाही. दुकानदाराची अशी कोणतीच नोंदणी नसते.

1962 हा निःशुल्क क्रमांक फिरत्या पशुवैद्यकीय पथकांचा आहे. ही पथके मुख्यतः गावातल्या पशुधनासाठी आहेत. बजीसाठी गाडी दारात येईल अशी आशा धरून वेळ घालवू नका, पण जवळ कोणता दवाखाना आहे याची विचारणा तिथे करता येते.

आता खरी अडचण. पदवीधर डॉक्टर मिळाले तरी ते म्हणतात, ‘पक्ष्यांचे आम्ही फारसे पाहत नाही.’ आणि ते खरेच सांगत असतात. साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमात कोंबडीचे शिक्षण भरपूर असते, पोपटवर्गीय पक्ष्यांचे नावापुरते. त्यानंतरची सगळी नोकरी गाई, म्हशी, शेळ्यांत जाते. पण एवढ्यावरून परत फिरू नका. नगर जिल्ह्यात, विशेषतः संगमनेरच्या पट्ट्यात, कुक्कुटपालन मोठे आहे आणि कोंबड्यांचे आजार रोज पाहणारे पशुवैद्य इथे आहेत. पक्ष्याच्या पोटात काय कुठे असते हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नसते, कारण शवविच्छेदन हे त्यांचे रोजचे काम. त्यांची सवय मात्र हजारोंच्या कळपाची. औषध पाण्यातून द्यायचे, दोन-चार कोंबड्या मेल्या तर हिशेबात धरायच्या. पिंजऱ्यातल्या एकट्या रुग्णाला हे लागू पडत नाही. आजारी बजी पाणीच कमी पिते आणि कडू पाणी तर तोंडात घेत नाही, मग औषध पोटात जाणार कसे? दुसरीकडे शहरातले कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर. त्यांना एका रुग्णाची शुश्रूषा येते, सलाईन, एक्स-रे, बारीक सुया त्यांच्याकडे असतात, फक्त पक्ष्यांचा सराव नसतो.

म्हणून माझा सल्ला असा, की एकट्या डॉक्टरवर सगळा भार टाकू नये. जवळचे डॉक्टर आणि लांबचे तज्ज्ञ यांची फोनवर गाठ घालून द्यावी. पुण्यात फक्त पक्षी आणि विदेशी पाळीव प्राणी पाहणारे पशुवैद्य आहेत. साताऱ्यातल्या शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, मुंबईत 1886 पासूनचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे, परभणीलाही एक आहे. ही महाविद्यालये नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येतात आणि त्यांच्या चिकित्सालयांत शिकवणारे प्राध्यापक असतात. नगरहून पुणे सुमारे 120 किलोमीटर. पाथर्डी-शेवगावकडच्यांना छत्रपती संभाजीनगर सोयीचे, अकोले, संगमनेर, कोपरगावकडच्यांना नाशिक. धाप लागलेल्या पक्ष्याला एसटीने तीन तास हलवत नेण्यापेक्षा तालुक्यातल्या डॉक्टरांनी त्याला तपासावे, वजन घ्यावे, तज्ज्ञांशी बोलावे आणि पहिले इंजेक्शन तिथेच द्यावे हे कितीतरी शहाणपणाचे. पक्षी सावरला की मग प्रवास. डॉक्टरांना तसे नम्रपणे सांगितले तर बहुतेक जण तयार होतात: ‘डॉक्टरसाहेब, पुण्याच्या पक्षितज्ज्ञांचा नंबर माझ्याकडे आहे, आपण त्यांच्याशी बोलाल का?’ यात कोणाचा कमीपणा नाही. माणसांच्या डॉक्टरांतही हेच चालते.

जाताना काय न्यायचे

पक्षी छोट्या खोक्यात किंवा पिंजऱ्यात न्या, झोपाळा आणि खेळणी काढून टाका, दांडी अगदी खाली बसवा. पाण्याची वाटी काढा, सांडून पक्षी भिजतो. तिच्याऐवजी काकडीचा तुकडा ठेवा. वरून कापड टाका. तळाचा कागद बदलू नका, त्यावरची विष्ठा डॉक्टरांना पाहू द्या. सकाळच्या ताज्या विष्ठेचे दोन-तीन नमुने स्वच्छ डबीत वेगळे घ्या. घरी असताना मोबाइलवर एक मिनिटाचे चित्रण करून ठेवा, तेही लांबून. दवाखान्यात गेल्यावर पक्षी घाबरून ताठ बसतो आणि घरी दिसणारे लक्षण तिथे दिसत नाही.

पुढची माहिती कागदावर लिहून न्या. पक्षी कोणता, किती वर्षांचा, कधी आणि कुठून आणला. आपल्याकडे दुकानात बजीलाच ‘लव्हबर्ड’ म्हणतात, त्यामुळे जातीची खात्री नसेल तर फोटो दाखवा, औषधाची मात्रा त्यावरही अवलंबून असते. खायला काय देता. घरात नवा पक्षी कधी आणला. शेजारी गावरान कोंबड्या आहेत का, त्यांच्यात मानमोडीची साथ आहे का. आतापर्यंत कोणती औषधे दिली, दुकानातली पुडीसुद्धा लपवू नका. आणि घरात नवीन नॉनस्टिक तवा, डासांची कॉइल, धूप, रंगकाम असे काही झाले का. नॉनस्टिक भांडे रिकामे तापले की त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरतात. पक्ष्याची फुप्फुसे आपल्यापेक्षा कितीतरी कार्यक्षम, त्यामुळे विषारी हवाही ती तितक्याच झपाट्याने शोषतात.

डॉक्टरांनी खोके उघडून लगेच पक्षी बाहेर काढला नाही तर अस्वस्थ होऊ नका. पक्षी जाणणारा डॉक्टर पहिली चार-पाच मिनिटे लांबूनच पाहतो. श्वास किती आहे, शेपटी हलते का, दोन्ही पंख सारखे आहेत का, दांडी दोन्ही पायांनी पकडलीय का, हे तो मोजत असतो. मग वजन. मग टॉवेलात घेऊन चोच, नाकपुड्या, तोंडाचा आतला भाग, मानेच्या तळाशी असलेली दाण्यांची पिशवी, छातीचे हाड, पोट आणि गुदद्वाराभोवतीची पिसे. पक्षी धापा टाकू लागला तर तपासणी अर्धवट सोडून त्याला परत ठेवतात आणि नंतर पुन्हा घेतात. हे योग्यच आहे. विष्ठेचा सूक्ष्मदर्शकाखाली काच-नमुना ही स्वस्त आणि खूप सांगणारी तपासणी. कृमी, बुरशी, जिवाणू त्यात दिसतात. तेवढी तरी करायला सांगा. अडकलेले अंडे आणि गिळलेला धातूचा तुकडा एक्स-रेत दिसतो.

मात्रेचा हिशेब

औषधाच्या मात्रेवर मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण घरगुती उपचारांत सर्वांत जास्त पक्षी इथेच जातात. जनावरांच्या दवाखान्यात मिळणाऱ्या एका नेहमीच्या प्रतिजैविकाच्या इंजेक्शनमध्ये दर मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम औषध असते. समजा, डॉक्टरांना किलोमागे 10 मिलिग्रॅम या हिशेबाने द्यायचे आहे. 35 ग्रॅमच्या बजीला 0.35 मिलिग्रॅम लागेल, म्हणजे 0.0035 मिलिलिटर. इन्सुलिनच्या सिरिंजवर सर्वांत लहान रेघ साधारण 0.01 मिलिलिटरची असते. म्हणजे हव्या त्या मात्रेच्या जवळजवळ तिप्पट औषध त्या सर्वांत लहान रेघेतच आहे. औषध आधी विरळ केल्याशिवाय ते मोजताच येत नाही. ‘एक थेंब दिला फक्त’ म्हणतात, तो एक थेंब 0.05 मिलिलिटरचा असतो, मात्रेच्या चौदा पट. खरजेच्या किड्यांवरचे गुरांचे औषध याच पद्धतीने बजीच्या मानेवर टाकले जाते आणि खरजेने चोचीवर आलेल्या पांढऱ्या, जाळीदार खपल्या जाण्याआधी पक्षीच जातो. त्या खपल्या बऱ्या होतात, डॉक्टरांनी तोललेल्या मात्रेने दोन-तीन वेळा औषध दिले तर.

माणसाच्या वेदनाशामक गोळ्यांच्या वाटेला तर जाऊच नये. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेली जनावरे मेल्यावर ती खाऊन भारतातल्या गिधाडांच्या तीन जाती 90 टक्क्यांहून अधिक घटल्या. औषधाने त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. पोपट म्हणजे गिधाड नव्हे, पण एका प्राण्यात चालते ते औषध पक्ष्यात चालेलच असे नाही, हे या देशाने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे.

औषध दिल्यावर दोन-तीन दिवसांत पक्षी टवटवीत दिसतो, पण म्हणून ते थांबवू नका. सिटॅकोसिस नावाचा पक्ष्यांचा एक जिवाणूजन्य आजार आहे. त्यावर कित्येक आठवडे, बहुधा 45 दिवस औषध द्यावे लागते. हा आजार माणसालाही होतो, ताप आणि न्यूमोनियाच्या रूपाने. घरात पक्षी आजारी असताना कोणाला ताप-खोकला झाला तर आपल्या डॉक्टरांना ‘घरी पक्षी आहेत’ हे आठवणीने सांगा. ते विचारतीलच असे नाही. पिंजरा साफ करताना कोरडी विष्ठा झाडू नका, आधी पाणी शिंपडा, तोंडाला फडके बांधा.

पोपट असेल तर

आपल्याकडच्या अनेक घरांत पिंजऱ्यात देशी पोपट असतो, गळ्याभोवती गुलाबी पट्टा असलेला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळणे गुन्हा आहे, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर ही जात दुसऱ्या अनुसूचीत आहे. मुनियांचेही तेच. बजी, कॉकटील, झेब्रा फिंच हे विदेशी पक्षी पाळायला हरकत नाही. सन कोन्युअर, आफ्रिकन ग्रे यांसारख्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या जाती असतील तर 2024 च्या नियमांनुसार केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर नोंद करावी लागते.

दंडाच्या भीतीने लोक आजारी देशी पोपट दवाखान्यात नेत नाहीत आणि तो कोपऱ्यात झुरत मरतो. असा पोपट असेल तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा आणि त्याला त्यांच्या ताब्यात द्या. गच्चीवरून उडवून ‘मुक्त’ करू नका. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेल्या पोपटाला ना उडण्याचे बळ असते, ना अन्न शोधण्याची सवय. संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजाने कापलेले बगळे, घारी सापडतात, त्यांच्यासाठीही हाच क्रमांक. पुण्यात बावधनला वन विभाग आणि रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट यांचे वन्यप्राण्यांसाठीचे उपचार केंद्र आहे, गरज पडल्यास वन कर्मचारी पुढची सोय करतात.

मेल्यानंतरही काम उरते

घरात आणखी पक्षी असतील तर मेलेला पक्षी लगेच पुरू नका. दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, अन्नापासून वेगळा, ठेवा. गोठवू नका, गोठवल्याने उती फुटतात आणि तपासणीत काही कळत नाही. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे शवविच्छेदनासाठी न्या. नमुना पुढे पाठवायचा असेल तर पुण्याच्या औंधमध्ये पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे. एका पक्ष्याच्या तपासणीतून उरलेल्या दहांचा उपचार ठरू शकतो. नवा पक्षी आणलाच तर 30 दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, दाणे-पाणी आधी जुन्यांना आणि मग नव्याला.

एकाच वेळी अनेक पक्षी, शेजारच्या कोंबड्या किंवा परिसरातले कावळे मरू लागले तर प्रकरण वेगळे. भारतातली बर्ड फ्लूची पहिली साथ फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबारच्या नवापूरला आली. जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या, 2025 च्या सुरुवातीला उदगीरमध्ये कावळे मेले. अशा वेळी हात लावू नका, पक्षी कुठे नेऊ नका, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. साथीच्या आजारांची माहिती देणे 2009 च्या कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. नमुन्यांची खात्री भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत केली जाते.

एक आक्षेप मी नेहमी ऐकतो. पक्ष्याची किंमत काही शे रुपये, पुण्याची एक फेरी त्याहून महाग, मग कशाला? ज्या मुलीने त्याला बोटावर बसायला शिकवले तिला हा हिशेब सांगून पाहा. पैशांची खरेच ओढाताण असेल तर आधी सरकारी दवाखान्यात जा, तिथे नाममात्र शुल्क असते. आणि बरेचसे आजार मुळातच टाळता येतात. नुसत्या राळ्यावर वाढलेल्या बजीला अ जीवनसत्त्व मिळत नाही, त्यातून श्वासाचे आणि त्वचेचे आजार होतात. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मेथी, किसलेले गाजर हे नगरच्या कोणत्याही बाजारात मिळते. फवारणीचा अंश जावा म्हणून धुऊन द्या. समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्याला अडकवा, अंडी घालणाऱ्या मादीला त्यातून कॅल्शियम मिळते.

शेवटी एक विनंती. पक्षी किरकोळ आजारी असला तरी सरकारी दवाखान्यात गेल्यावर केस पेपर काढा आणि त्यावर प्राण्याच्या रकान्यात ‘बजी’, ‘कॉकटील’, ‘कबुतर’ असे स्पष्ट लिहून घ्या. दवाखान्यातल्या उपचारांची नोंद वरच्या कार्यालयाकडे जाते. जिल्ह्यात पक्षी पाळणारे आहेत हे त्या नोंदींत दिसले, तरच जिल्हा सर्वचिकित्सालयात पक्ष्यांचे प्रशिक्षण घेतलेला एक तरी डॉक्टर हवा, ही मागणी करायला आपल्या हाती काही असेल.